गाऱ्हाण्यानं मंजूर झालेली कंपनी

इतिहासापासून जो समाज धडा घेतो, त्याला कोणीही बुडवू शकत नाही.

हे वाक्य माझं आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत, चिंचपोकळीच्या आमच्या चाळीच्या पटांगणात, बाकं जोडून केलेल्या व्यासपीठावर उभा राहून मी ते म्हणालो होतो. मोठ्या टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांनीच रांग लावून आपले पैसे बुडवायला दिले. रांग मात्र शिस्तीत होती. तेवढं श्रेय मी इतिहासाला देतो.

त्या वेळी मी दादरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. युरोप हा विषय आमच्या ज्येष्ठांनी आधीच आपापसांत वाटून घेतला होता. विभागप्रमुखांनी फ्रेंच राज्यक्रांती घेतली होती, कारण तिच्यावर बोलताना आवाज चढवता येतो. दुसऱ्या एका ज्येष्ठांनी जर्मनीचं एकीकरण ठेवलं होतं. त्यांच्या घरी ते चार भावांशी बोलत नसत. मी नवा, म्हणून माझ्या वाट्याला अठराव्या शतकाची सुरुवात आली. एक म्हातारा राजा मरतो आणि खजिना रिकामा निघतो, एवढाच तो काळ. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, त्यामुळे वर्गात विद्यार्थी फारसे येत नसत. मला वाचायला भरपूर वेळ मिळाला.

जितकं वाचलं, तितका त्या राजेलोकांबद्दलचा आदर कमी होत गेला. फ्रान्सच्या त्या म्हाताऱ्या राजाने बहात्तर वर्षं राज्य केलं आणि बहुतेक वर्षं लढायांत घालवली. लढायांना पैसा लागे म्हणून त्याने सरकारी पदं विकायला काढली. खरी पदं संपली तेव्हा नवी निर्माण केली. राजा सकाळी शौचाला बसे, तेव्हा शेजारी उभं राहण्याचा हक्कसुद्धा तिथे पैसे मोजून मिळत असे, आणि तो घ्यायला सरदारांची चढाओढ असे. हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा जे दोन विद्यार्थी येत होते त्यांतला एक यायचा बंद झाला. त्याला ते खरं वाटलं नाही. मला मात्र खोटं वाटायला काही कारण दिसलं नाही. मी चाळीच्या मंडळाच्या सभांना जात होतो.

आमची चाळ बहुतेक मालवणकडच्या माणसांची. पुरुष गिरणीत, बायका घरी किंवा गिरणीत. मी आणि माझी आते, म्हणजे वडिलांची बहीण, एका खोलीत राहायचो. आई-वडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं होतं. ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती. म्हणजे दिवसभर उभं राहून तुटलेलं सूत सांधायचं. वीस-बावीस वर्षं उभं राहून तिचे गुडघे गेले. मग गिरणीने बायकांची खाती कमी केली आणि तिला फंडाचे पैसे देऊन घरी पाठवलं.

त्या पैशांचं काय करायचं, हे तिने फार आधीपासून ठरवलं होतं. चाळीतले संडास गॅलरीच्या टोकाला, तीन पायऱ्या चढून वर. सकाळी तिथे डबे घेऊन माणसं उभी असत. आतेला त्या तीन पायऱ्या चढताना कठडा धरावा लागे, आणि मागची बाई म्हणे, "आते, जरा लवकर गो." तिला दागिने नको होते, काशी नको होती. तिला दाराच्या आतला, स्वतःचा संडास हवा होता. याहून कमी मागणं मी आयुष्यात ऐकलं नाही. आणि याहून अवघडही नाही, कारण त्या काळच्या मुंबईत अशी जागा फंडाच्या पैशांत मिळायची म्हणजे नशीब लागे.

नशीब अध्यक्षांच्या रूपाने आलं.

अध्यक्ष हे आमच्या गावकरी मंडळाचे अध्यक्ष. पूर्वी गिरणीत जॉबर होते. माणसं कामाला लावणं आणि त्याबद्दल त्यांच्याकडून कोंबडी खाणं, हा त्यांचा व्यवसाय. चळवळीत एके दिवशी लालबागला धरपकड सुरू झाली, तेव्हा ते सलूनमध्ये दाढी करून घेत होते. पोलिसांनी त्यांना अर्ध्या दाढीनिशी गाडीत घातलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य "मी तुरुंगात असताना" असं सुरू होऊ लागलं. अंगात बंद गळ्याचा कोट आला, डोक्याला फेटा आला. शेजारच्या चाळीतला एक माणूस गोळीबारात गेला होता. त्याच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. त्याच्याबद्दल जे बोलले, ते सगळे पुढे कुठे ना कुठे निवडून आले.

अध्यक्षांनी एक कंपनी काढली. शीवच्या पलीकडे खाडीला लागून मोठी मोकळी जमीन होती. मुंबई महाराष्ट्रात आली की ती जमीन मराठी माणसाला मिळणार, तिच्यावर इमारती उठणार, प्रत्येक शेअरवाल्याला ब्लॉक मिळणार, ब्लॉकमध्ये मोरी आणि संडास आत. मुंबई तेव्हा द्विभाषिक राज्यात अडकलेली होती. ती महाराष्ट्राला मिळावी असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं, मलाही वाटत होतं. अध्यक्षांची चलाखी एवढीच, की त्यांच्या शेअरवर शंका घेणारा माणूस आपोआप महाराष्ट्राचा वैरी ठरत होता.

कागदाचे शेअर निघाले. त्यांवर सूर्य, नारळाचं झाड आणि अध्यक्षांचा फेटा छापलेला. सुरुवातीला ते कोणी घेईना. मग एकाने घेतला, त्याच्याकडून दुसऱ्याने थोडे जास्त देऊन घेतला, आणि सकाळी नळावर पाण्यापेक्षा शेअरची चर्चा जास्त होऊ लागली. बायका हंडा तसाच वाहता ठेवून आज काय भाव आहे ते विचारत. जमीन कोणीच पाहिली नव्हती. भाव सगळ्यांना ठाऊक होता.

हे मी आधी वाचलेलं होतं. फक्त त्यात मालवणी बोलत नव्हते.

"आते, पैसे घालू नकोस," मी म्हणालो.

"कित्याक?"

"फ्रान्समध्ये हेच झालं होतं. राजा मेला, कर्ज डोंगराएवढं. गादीवर पाच वर्षांचा पणतू. कारभार बघणारा राजाचा पुतण्या. त्याला एका परक्या जुगाऱ्याने सांगितलं, मी तुमचं कर्ज फेडतो. मग त्याने समुद्रापलीकडच्या दलदलीवर कंपनी काढली—"

"जुगारी?"

"जुगारी. वर एका माणसाला द्वंद्वात मारून इंग्लंडातून पळालेला."

"आनि तेका राजाच्या पुतण्यान खजिनो दिल्यान?"

"दिला."

आते तांदूळ निवडत होती. तिने एक खडा बाहेर टाकला. "झिला, आमचे अध्यक्ष जॉबर असतीत, पण खुनी न्हय." मग दुसरा खडा काढत, "त्या राजाच्या वाड्यात संडास होतो?"

मी खरं ते सांगितलं. वाडा एवढा मोठा की चालून पाय दुखावेत, आणि संडास जवळजवळ नाहीच. दरबारी माणसं जिन्याखाली, पडद्यामागे उरकून घेत.

"मग तुझो फ्रान्स काय बोलता?" आते म्हणाली. "आमची कंपनी संडास तरी देता."

मी पुन्हा दलदलीचं सांगायला लागलो. शेवटी ती म्हणाली, "माघी गणपतीक तुझा व्याख्यान आसा मां? थंय सांग सगळ्यांका. लोकांका पटला तर मी पैसे घालूचंय नाय."

माघी गणपतीला मंडळाचं व्याख्यान असे, आणि चाळीतला शिकलेला माणूस म्हणून त्या वर्षी ते माझ्याकडे होतं. अध्यक्ष मला म्हणाले होते, "मास्तर, परदेशातले दाखले द्या. मी तुरुंगात असताना आमच्यात परदेशावर फार चर्चा व्हायची." माझ्या मते एका दिवसात, अर्ध्या दाढीने, परदेशावर जेवढी चर्चा होऊ शकते तेवढी झाली असेल.

मी जीव तोडून तयारी केली. आतेचा संडास माझ्या भाषणावर अवलंबून आहे, अशी परिस्थिती कुठल्याही प्राध्यापकावर एरवी येत नाही.

भाषण चांगलं झालं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो. पॅरिसमधली ती अरुंद गल्ली मी डोळ्यांसमोर उभी केली. तिथे सरदारांच्या बायका आणि त्यांचे कोचमन एकाच गर्दीत उभे राहून शेअर घेत, आणि एक कुबडा माणूस आपली पाठ सह्या करायला टेबल म्हणून भाड्याने देई. लोक हसले. पलीकडच्या दलदलीत सोनं आहे असं भासवण्यासाठी कंपनीने रस्त्यावरचे भिकारी गोळा केले, त्यांच्या खांद्यावर फावडी दिली आणि जणू खाणीवर निघाले आहेत अशी त्यांची मिरवणूक शहरातून काढली, हेही मी सांगितलं. इथे अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागले. मी समजलो, बाण लागला.

मग मी इंग्लंडकडे वळलो. तिथला राजा जर्मन, त्याला प्रजेची भाषा धड येत नव्हती. तिथल्या कंपनीने दूर दक्षिणेच्या समुद्रावरच्या व्यापाराचे शेअर विकले. तो समुद्र स्पेनच्या ताब्यात, आणि स्पेनशी वैर. व्यापार म्हणावा असा झालाच नाही. पण मंत्र्यांना आणि राजाच्या ठेवलेल्या बायांना फुकट शेअर मिळाले होते, म्हणून कंपनी उत्तम आहे असं दरबाराचं मत पडलं. ग्रहांची गती गणिताने सांगणारा त्या काळचा सर्वांत मोठा विद्वानसुद्धा त्यात पोळला.

मागून एक आवाज आला, "म्हंजे शिकलेल्यांका हेच्यातला काय कळणां नाय!"

सगळं पटांगण हसलं. माझ्याकडे बघून हसलं.

शेवटी मी सांगितलं की एका राजपुत्राने बँकेपुढे गाड्या उभ्या केल्या, आपल्या कागदांच्या बदल्यात नाणी भरून घेतली आणि घरी नेली. मग सरकारने घरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त नाणी ठेवणं गुन्हा ठरवलं. मग दारात चेंगराचेंगरी झाली, माणसं मेली, आणि जुगारी देश सोडून गेला. त्यानंतर मी ते वाक्य म्हणालो, जे या लेखाच्या सुरुवातीला आहे. टाळ्या पडल्या.

मी खाली बसलो आणि आतेकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिला पटलं होतं. तेवढ्यावर सभा संपली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं.

पण आमच्याकडे सभा आभारावर संपत नाही. ती गाऱ्हाण्यावर संपते. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून, मोठ्या आवाजात, सगळ्यांच्या वतीने केलेली विनवणी. वडीलधारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार देतात. यात विचार करायला जागा नाही. वाक्य संपलं की तोंड उघडतं. लहानपणापासून उघडत आलेलं असतं. गाऱ्हाण्याला "नाय" म्हणणारा माणूस मालवणी मुलखात जन्माला आलेला नाही.

अध्यक्ष उठले. फेटा सारखा केला, नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां पोटासाठी ह्या ममईत येवन रवली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंका सोताच्या हक्काचा घर व्हया रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यासाठी आमी ही कंपनी काढली हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आताच आमच्या मास्तरान सांगल्यान, तशी फिरंग्याच्या राजाची कंपनी जशी वर गेली, तशी आमची पण वर जांव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ती जशी खाली इली, तशी आमची येव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेच्यात जो कोण मोडतो घालीत, तेची मती सुधार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे बरीच माणसं माझ्याकडे वळून म्हणाली.

"आनि हय जमलेलो जो कोण शेअर घेयत, तेचो शब्द तुझ्या पायाशी रवान दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आतेचा आवाज मला वेगळा ऐकू आला. तिचे दोन्ही हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले होते. मी स्वतः काय म्हणालो ते मला आठवत नाही, असं मी विचारणाऱ्यांना सांगतो.

मंडळाच्या सेक्रेटरीने लिहून घेतलं: ठराव एकमताने मंजूर.

"आते, तुला माझं पटलं होतं ना?" मी घरी विचारलं.

"पटला होता."

"मग?"

"देवाच्या फुड्यात शब्द गेलो, झिला. आता तुझो राजा काय करतलो?"

फ्रान्सच्या त्या कारभारी पुतण्याला हे तंत्र ठाऊक नव्हतं. त्याला शेअर खपवायला बँक काढावी लागली, हुकूम काढावे लागले, मिरवणुकी काढाव्या लागल्या. आमच्याकडे एक नारळ पुरला. सकाळी रांग लागली, आणि आतेने फंडाच्या पैशांतले जवळजवळ सगळे देऊन कागद घरी आणले. ते तिने देवाच्या फळीवर, गणपतीच्या मागे ठेवले.

माझ्या भाषणाचा परिणाम अजिबातच झाला नाही असं नाही. अध्यक्षांना त्यातली फावड्यांची मिरवणूक फार आवडली होती. त्यांनी जाहीर केलं की येत्या माघी पौर्णिमेला जमिनीचं भूमिपूजन होईल आणि चिंचपोकळीपासून शीवपर्यंत फावडी, कुदळी आणि घमेली घेऊन मिरवणूक निघेल. पुढे लेझीम, मागे बँड. ज्यांच्याकडे फावडं नव्हतं त्यांना मंडळाने भाड्याने आणून दिलं. पॅरिसमध्ये निदान भिकारी मिरवले होते. आमच्याकडे भागधारक स्वतः मिरवले, आणि फावड्याचं भाडंही त्यांनीच दिलं.

मुहूर्त भटजींनी पंचांग बघून काढला होता: पौर्णिमा, दुपारचे बारा. एकालाही काही खटकलं नाही. ही सगळी माणसं समुद्राकाठी वाढलेली. गावी असती, तर पौर्णिमेच्या भर दुपारी खाडीत कोणी कोंबडीसुद्धा सोडली नसती. उधाणाचं पाणी तेव्हा कुठवर चढतं, हे तिथल्या शेंबड्या पोराला कळतं. पण मुंबईत आल्यावर पाण्याचं ज्ञान त्यांनी गावी ठेवलं होतं आणि पंचांग तेवढं बरोबर आणलं होतं.

आतेला चालवत नव्हतं, म्हणून आम्ही दोघं बसने पुढे गेलो. शीवच्या पुढे बांधावर उतरलो, तर समोर सगळं पाणीच पाणी. दूरवर मिठागरांचे बांध आणि मध्ये कुठे कुठे तिवराचे शेंडे. थोड्या वेळाने लेझीम आली, बँड आला, फावडी आली. बँड एकेक वाद्य करत थांबला. शेवटी फक्त ढोलवाला वाजवत राहिला, कारण त्याला ढोलामुळे पुढचं दिसत नव्हतं.

आतेने सेक्रेटरीला गाठलं. "बाबा, माजी खोली खंय येतली?"

सेक्रेटरी जरा गांगरला. मग त्याने हात लांब केला. "थंय... तो बगळो दिसता ना? त्याच्या जरासा उजव्या बाजूक."

आतेने बगळ्याकडे पाहिलं. बगळा गुडघाभर पाण्यात उभा होता. तिचे गुडघे, तिचा फंड आणि तो बगळा, यांचा ती काय हिशेब मांडत होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अध्यक्षांनी नारळ बांधावरच फोडला, अर्धी भकलं पाण्यात सोडली आणि म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, आज समुद्रदेव स्वतः आपल्या जागेवर येऊन आशीर्वाद देऊन गेले!" टाळ्या झाल्या. त्या संध्याकाळी शेअरचा भाव वाढला.

दुसऱ्या दिवशी आते अध्यक्षांच्या खोलीत गेली. मी बरोबर होतो.

"माका माझे पैसे परत दी," ती म्हणाली.

"आते, असा कसा?" अध्यक्ष खुर्चीत बसून होते. आते उभी होती. "गाऱ्हाणा झाला. देवाच्या पायाशी शब्द रवलो. तो मी कसो उचलू? माका पाप लागात."

मी तोंड उघडलं आणि म्हणालो की हा करार कायद्याने टिकणार नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "ही फ्रान्सची कंपनी न्हय."

घरी येऊन आतेने ट्रंकेतलं जाडं लुगडं काढलं, आणि त्याच आठवड्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने एकटीच गावी गेली. कॉलेजच्या परीक्षा असल्याने मला जाता आलं नाही. माझ्या काळावर त्याही वर्षी प्रश्न नव्हता.

गाऱ्हाण्याच्या वर एकच गोष्ट असते. ती म्हणजे कौल. गावच्या देवळात गुरव देवाच्या मूर्तीला उजव्या-डाव्या बाजूंना भिजवलेले तांदूळ चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडचा दाणा आधी पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. देवाला दिलेला शब्द देवच सोडवू शकतो. आतेने हा रस्ता स्वतः काढला. मी एवढा इतिहास वाचून मला तो सुचला नव्हता, कारण मी कायद्याचा विचार करत होतो.

ती देवळात सोवळ्याने बसली. गुरवाने विचारलं, "देवा म्हाराजा, हिना पैसे परत घेतले तर तुझी आडकाठी हा काय?" देवळात माणसं जमली होती. बराच वेळ काहीच पडलं नाही. मग उजवीकडचा दाणा सुटला आणि देवाच्या पायाशी येऊन थांबला. आते सांगताना इथे हात जोडत असे. मी देव मानत नाही, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझेही हात जोडले गेले.

मुंबईत परतल्यावर ती सरळ अध्यक्षांकडे गेली, आणि या वेळी ती बसली. कौलाची बातमी तिच्या आधीच बोटीने आली होती. अध्यक्षांचा गावात मोठा मान होता. शिमग्याला पालखीचा पहिला खांदा त्यांचा. कौल मोडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर गाव पालखी देत नाही. त्यांनी भरल्या आवाजात "देवाची इच्छा" असं म्हणून तिचे पैसे परत केले, आणि चाळीत बोभाटा करू नको, अशी विनंती केली. आतेने बोभाटा केला नाही. तिला फक्त संडास हवा होता.

त्याच पैशांतून, पागडी देऊन, परळला एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरची खोली मिळाली. खोली अंधारी, भिंतींना ओल, पण मोरीच्या पलीकडे, दाराच्या आत, तिचा स्वतःचा संडास. पायरी एकही नाही. आते बाहेर जाताना खोलीच्या दाराला नुसती कडी लावी आणि संडासाला कुलूप.

पुढच्या वर्षी महाराष्ट्र राज्य झालं. आम्ही सगळे रस्त्यावर होतो, मीही होतो, आणि त्या दिवसाबद्दल मला आजही काही वाकडं बोलायचं नाही. त्यानंतर भागधारकांनी जमिनीची चौकशी केली, तेव्हा ती दुसऱ्याचीच निघाली. कंपनीने ती घेतली नव्हती, फक्त मागितली होती. शेअर नळावर फुकट दिले तरी कोणी घेईना. काहींनी कोनाडे झाकायला त्यांचे कागद चिकटवले, आणि पुढे कित्येक वर्षं चाळीच्या भिंतींवर अध्यक्षांचे फेटे दिसत राहिले.

पॅरिसचा जुगारी पळून गेला होता. आमच्याकडे पळावं लागत नाही. अध्यक्षांचा सत्कार झाला, वर्गणी काढून. भाषणात ते म्हणाले की कंपनी बुडाली नाही, तिला दृष्ट लागली. आतेला देवाने वाचवलं, असं चाळीत सगळे म्हणत. मीही वर्गात कधीमधी सांगू लागलो की सामान्य माणसाची श्रद्धा कधी कधी सत्तेलाही वाकवते. हे वाक्य विद्यार्थ्यांना आवडे.

बऱ्याच वर्षांनी मी गावी गेलो. गुरव म्हातारा झाला होता, पडवीत बसून पान कुटत होता. मी त्याला त्या कौलाबद्दल विचारलं. त्याला सगळं स्वच्छ आठवत होतं, दाणा पडायला लागलेला वेळसुद्धा. तसा कौल आतेच्या आधी कोणी मागितला होता का, असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, एकाने मागितला होता, तुमच्या गाऱ्हाण्याआधीच्या दिवाळीनंतर, आणि शिमग्याला पालखीचा पहिला खांदा त्याचाच.

त्याला स्वतःच्या शेअरचे पैसे काढून घ्यायचे होते. त्याचाही कौल उजवाच पडला होता.